भिंतीवरची कमळी

—नाय नाय, बस तू, बस. त्या फळीवर बस, माझ्या टोपलीचं काय नाय बिघडत. सुक्या मासळीचा वास नाय ना सोसला? अगं आमच्या पन सुनेला नाय सोसत, त्यात लाजायचं काय. तुझी मानसं बोंबील-जवळा बघून बाजाराच्या याच तोंडाशी बाहेर येतील, तोवर टेक इथं. आनि अशी काय बघतेस गं बाय? एकदा भिंतीकडं, एकदा माझ्याकडं — हां, मीच ती. कमळी. कॉलेजची पोरं आलेली रंगाचे डबे घेऊन, तीन दिवस मला स्टुलावर बसवलेली, हलू नका आजी, हलू नका — नाक जरा मोठं काढलंय, पन लुगडं बरोबर आहे, हातातली सुकेळी, आमची वाळवलेली केळी गं, ती पन बरोबर. तो खाली काळा चौकोन आहे ना, त्याला मोबाईल दाखवला की नंबर येतो. माझा नाय. हेमांगीचा.

तुम्हाला फिरवते ना, हिरवा कुर्ता, हातात छत्री — ती हेमांगी. माझी भाची, सख्ख्या भावाची पोर. हे चित्र तिनंच काढून घेतलं, म्हनाली, आते, तुला सगळी वसई ओळखेल. आता तुला सांगते, आमच्या घरात सासूबाईंचा नियम — सुकेळी करायला सुनेला शिकवायची, माहेरच्या पोरीला नाय. का? अगं पोर लग्न करून जानार, हातातला हुन्नर तिच्यासंगती दुसऱ्याच्या घरात जानार. तुळशीपाशी शपथ घातलेली मला म्हातारीनं. पन मी काय करू? पोरगा एकच, चिराग, तो एव्हरशाईनला फ्लॅटमध्ये. सून संजना गुनाची आहे, खोटं कशाला बोलू, पन सकाळी सातला घर सोडते, ती केळी कधी वाळवनार? आनि ही हेमांगी — लग्न होऊन विरारला गेलेली, तरी दोन बस बदलून वटारला माझ्या घरी यायची, आते शिकव, आते शिकव. मग शिकवली. सगळं शिकवलं. केळी राजेळीच, दुसरी नाय चालत — भाताच्या पेंढ्यात पिकवायची, सोलायची, मांडवावर सात दिवस ऊन द्यायचं, आनि रोज दव पडायच्या आत उचलून सुक्या पानात गुंडाळायची. एक दिवस चुकलीस की आंबली. भावकीतल्या बाया तोंडावर बोलल्या मला, सासूची शपथ मोडलीस म्हनून. बोलू दे म्हटलं. रक्ताची आहे.

मग तिनं हे फिरवायचं काढलं, दर रविवारी. आधी देऊळ, चर्च, रिचर्डच्या बेकरीतला गरम पाव, जॅक्सनच्या आईच्या हातचे तळलेले फुगे — तुम्ही खाल्ले ना सकाळी? बघ, ते चालूच आहे. मग हा पापडीचा बाजार, आनि शेवटी बस यायची वटारला, माझ्या अंगनात! बोरिवलीची मानसं, बँगलोरची मानसं, एकदा तर एक गोरा आलेला, माझ्या मांडवाखाली मांडी घालून बसला आनि उठता येईना त्याला. मी शनवारीच अंगन सारवून ठेवायची. ह्यांच्या मागं त्या घरात इतकी मानसं कधी आली नव्हती गं. मला रविवारची वाट बघायची सवय लागली — वाईट असते ती सवय.

मग का नाय येत बस? ...आता काय सांगू. तिनं तिकडं विरारला गच्चीवर स्वतःचं चालू केलं, पुडे बांधून विकायला. करू दे की, शिकवलंच त्यासाठी. एक बाई माझ्या अंगनात आली, पुडा काढून म्हनाली, आजी, ही तुमच्या हातची ना? पुड्यावर माझा फोटो. मी एक तोंडात घातली — आनि म्हटलं, ही राजेळी नाय. ही बाजारची केळी, मशीनमधी सुकवलेली. हो, मोठ्यानं म्हटलं. तीस मानसं असतील. थुंकली पन मी, खरं तर. नको होतं थुंकायला, ते आपलं— तोंडच तसं झालं. हेमांगीनं मानसं बसमधी भरली आनि गेली. शिमग्याच्या आदल्या रविवारी. तेव्हापासून नाय आली. चूक कोनाची? तिची! माझ्या तोंडाखाली खोटा माल विकते, आनि मी गप बसू? ...पन एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. आलं असतं, नाय असं नाय.

म्हनून तर आज आली. गुडघे चालत नायत, रिक्षा करून आली, यंदाची पयली सुकेळी आहे या टोपलीत, तिच्यासाठीच. म्हटलं भिंतीपाशी बसते, चित्र दाखवायला थांबेलच, तेव्हा हातात देते. पन मी पोचायच्या आधीच तुम्ही इथनं आत गेलात, उशीर झाला जरा. काय सांगते गं ती या चित्राशी? नाव घेते ना माझं? घेते ना! बघ. मला ठावं होतं, भांडली तरी नाव टाकनार नाय. आनखी काय म्हनते? ...सांग की. मान काय खाली घातलीस? ...काय?

परत बोल.

वारली. ...कधी म्हनाली? शिमग्यात. बरोबर. शिमग्यातच. आनि शेवटची सुकेळी करनारी होती, मरताना सगळं हिच्या हातात देऊन गेली — असं म्हनाली? रडली पन? खऱ्याखुऱ्या डोळ्यांनी? आनि तुम्ही काय केलंत? ...हात जोडलेत. तू पन जोडलेस. म्हनून तू मघाशी भूत बघितल्यासारखी — अरे देवा.

सुकेळी खोटी केली, ते मी गिळलं असतं. नंबर तिचा, पुडा तिचा, ते पन. पन जित्ती आहे गं मी! आठ म्हयने दर शनवारी अंगन सारवलं, बस येईल म्हनून, आनि ही इथं भिंतीपाशी मला दर आठवड्याला मारते. ज्या पोरीसाठी मी तुळशीची शपथ मोडली ती. लय लागलं बाय. इथं, आत लागलं.

...छत्री दिसते बघ. आल्या. नाय, थांब, हाक मारू नको! तोंड बंद ठेव म्हनते ना. तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेत, आता मी उभी राहिली तर ती कुठं तोंड लपवनार? एकदा पाडलंय मी तिला मानसांत. परत नाय पाडनार. माफ केलं म्हनू नको, माफ नाय केलं. तो पदर दे माझा, अडकलाय फळीत — डोक्यावर घेते. मी भिंतीकडं तोंड करून बसते, कोन विचारतंय बाजारात म्हातारीला. तू ऊठ. त्यांच्यात मिसळ. विचारलं तर सांग, पानी प्यायला थांबलेली.

नाय, सुकेळी नको नेऊस तिला. राहू दे. जा आता. जा म्हनते ना.