वाहता कालवा, निराधार तक्रार

मंडळी, गुरुजींसाठी वलवणहून, तुंगार्लीहून चालत आलात. बसा. मला बोलायला सांगितलंय, आणि मला बोलवत नाही. शिवाय खरं सांगू? मला गुरुजींचा राग आलाय.

एकाच शाळेत शिकवलं आम्ही. ते भूगोल शिकवायचे, म्हणून तर हे झेंगट लागलं. भागीरथीमावशीचा मुलगा धोंडिबा इथल्या रेल्वेच्या इंजिनांवर कोळसा मारायचा, तो बोटीवर आगवाला म्हणून गेला. लढाई लागली, सुवेझच्या कालव्यात सुरुंग पडले, त्याची बोट पलीकडच्या तोंडाशी अडकली. मावशीनं विचारलं, "कालवा कवा सुटंल, गुरुजी?"

झालं! गुरुजींनी करार काढला. लढाई असो नसो, कालवा साऱ्या देशांच्या जहाजांना खुला. मी म्हटलं, अहो, जग पेटलंय, करार कोण वाचतो? म्हणाले, "ज्याची बोट अडलीय तो."

मग सरकारकडे अर्जावर अर्ज. सुरुंग निघाले, तर आधी लढाऊ बोटी सोडल्या, धोंडिबाची मालबोट मागेच. हा क्रम कुठल्या करारात आहे? पुन्हा अर्ज. विषय काय, तर "बंद कालवा खुला करणेबाबत". कुठला कालवा, ते चौथ्या परिच्छेदात! कचेरीत चौथा परिच्छेद कोण वाचतो हो? अर्ज गेला पाटबंधारे खात्याकडे. ओव्हरसियर वलवणच्या पाटावर हजर. जोडे काढून पाण्यात उतरला आणि शेरा मारला, "कालवा वाहता आहे. तक्रार निराधार."

हसताय? हसा. मीही हसलो. गुरुजी नाही हसले. म्हणाले, "निदान कोणी येऊन पाहिलं तरी."

आणि परवा अंगात ताप असताना पोस्टात गेले. सांगितलं होतं मी, उद्या टाका. ऐकतील तर शपथ. पोस्टाच्या पायरीवरच प्राण सोडला. अर्ज हातातच राहिला.

काल धोंडिबाची तार आली. बोट कालव्यातून निघाली. मावशी आज इथे नाही, ती स्टेशनवर जाऊन बसलीय. तो आजच येणार नाही म्हटलं, तरी ऐकत नाही. मला म्हणाली, "गुरुजींचा कागद पोचला म्हनायचा!"

नाही पोचला, मंडळी. बोटीचा नंबर लागला, एवढंच. मी गणिताचा मास्तर. चुकीच्या उत्तराला जन्मात मार्क दिले नाहीत. काल म्हटलं, "होय मावशी, पोचला."

उठा. दोन मिनिटं गप्प उभे राहू. गुरुजी, नमस्कार. तुमच्यापायी खोटं बोललो, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन.