साखळी, पट्टा आणि मधला मी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या वाहतूक कंपनीचे मॅनेजरसाहेब. व्यासपीठावर बसलेले विमा कंपनीचे पाहुणे आणि टायरवाले शेठ. ज्यांच्यासाठी आपण सगळे आज हात धुऊन आलो आहोत ते आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती थोरले मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. समोरचे चालक, क्लीनर आणि मेकॅनिक बंधू, ऑफिसातल्या भगिनी, आणि दाराशी उभं राहून जेवणाचा अंदाज घेणारी मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाला उभं केलं, इथेच आयोजकांचं चुकलं. मी स्टोअरकीपर. जाळीच्या खिडकीआड बसून सकाळी मेकॅनिकांना पाने द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे, यात माझा जन्म गेला. शिवाय मी थकलोय. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरोखर थकलोय. गुडघे गेलेच आहेत, पण त्याहून जास्त थकलीय ती जीभ. खिडकीआड बसणाऱ्याची जीभ कशाने थकली, असं पाहुण्यांना वाटेल. आमच्या लोकांना वाटणार नाही, त्यांना ठाऊक आहे. ते बघा, हसायलाही लागले.

साहेबांनी आत्ता थोरल्या मिस्त्रींची निष्ठा, सचोटी, वक्तशीरपणा वगैरे सांगितलं. ते सगळं खरं आहे. मी त्यात भर काय घालणार? मी फक्त ऑइल फिल्टरवर बोलेन. पाहुण्यांनी कंटाळू नये. ट्रकच्या इंजिनाला खालच्या अंगाला एक डबा लावलेला असतो. तेलातली घाण तो धरतो, म्हणून अधूनमधून तो काढून नवा बसवावा लागतो. बसवताना कडेच्या रबराला तेलाचं बोट फिरवायचं आणि नुसत्या हाताने आवळायचा. नुसत्या हाताने! पान्याने आवळला, तर पुढच्या खेपेला काढणारा गाडीखालच्या खड्ड्यात उभा राहून, मान वाकडी करून, गरम तेल बाहीतून काखेपर्यंत जाऊ देत आवळणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आमच्याकडे 'हा फिल्टर पान्याने आवळतो' यापेक्षा मोठी शिवी नाही. चालक मंडळी बाकीच्या देतात त्या आम्ही मनावर घेत नाही.

आता, अडकलेला फिल्टर काढायचा कशाने? माझ्या खिडकीत सगळे प्रकार टांगलेले आहेत. टोपीसारखा बसणारा पाना आहे, तीन पायांचा आहे, त्याला आम्ही खेकडा म्हणतो. पण थोरले मिस्त्री पट्ट्याचे, म्हणजे डब्याभोवती पट्टा गुंडाळून दांड्याने फिरवायचा तो पाना. आधी हात लावून बघ, म्हणायचे. हाताला दाद देत नसेल तर पट्टा लाव. पट्टा घसरला तर डब्यावरचं तेल पूस, मध्ये पॉलिश पेपरचा तुकडा घाल, पुन्हा लाव. आणि फारच घाई असेल, तर आधी चहा पिऊन ये. पट्ट्याने डब्यावर ओरखडासुद्धा उठत नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

आणि धाकटे मिस्त्री साखळीचे. ते तिसऱ्या रांगेत बसलेत, पंख्याखाली, शेजारी त्यांच्या सौभाग्यवती. त्यांचं म्हणणं, पट्टा म्हणजे फिल्टरची मनधरणी. साखळी गुंडाळा, एक हिसका द्या, पत्रा चेपला तर चेपला, नाहीतरी भंगारातच जायचाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे दोघे साडू. व्यासपीठावरच्या वहिनी आणि तिसऱ्या रांगेतल्या वहिनी सख्ख्या बहिणी. धाकट्यांना या वर्कशॉपमध्ये आणलं थोरल्यांनी, पाना धरायला शिकवलं थोरल्यांनी. आणि त्याच दोघांचं बोलणं बंद झालं ते एका फिल्टरवरून.

ती गाडी आठवतेय का कोणाला? फिल्टर चासीला इतका खेटून होता की बोट जाईना. पट्टा घसरला, साखळीने पत्रा चेपला, शेवटी डब्यातून आरपार स्क्रूड्रायव्हर ठोकला, तर पत्रा टरकन फाटला आणि बूड तसंच इंजिनाला चिकटून राहिलं. स्क्रूड्रायव्हर ठोकणं म्हणजे आमच्यात हात टेकणं. चालक म्हणाला, 'मी झोपतो, भांडण संपलं की उठवा.' बिचारा बराच झोपला. कारण प्रश्न निघाला, मागच्या खेपेला हा फिल्टर पान्याने आवळला कोणी? जो बसवतो त्याने डब्यावर रंगाने आपली खूण करायची, असा आमचा रिवाज. पण खूण चेपलेल्या पत्र्यात गेली. थोरले म्हणाले, 'तूच.' धाकटे म्हणाले, 'तुम्हीच.' तिथून जी तोंडं फिरली, ती फिरलीच.

कोणी आवळला होता? मला आजही माहीत नाही. आणि खरं सांगू, आता जाणून घ्यायची ताकदही उरलेली नाही.

कारण त्या दिवसापासून या दोघांच्या मधला माणूस मी झालो. 'काका, त्याला सांगा, जॅक मोकळा झालाय.' 'काका, त्यांना सांगा, गाडीखाली मी आहे, स्टार्ट करू नका.' एकाच ट्रकच्या दोन बाजूंना उभे हे दोघे, आणि मी खिडकी सोडून मध्ये! यांच्या सासूबाई दवाखान्यात होत्या, तेव्हा मी बघायला गेलो, तर बाकावर दोघांच्या मध्ये माझ्यासाठी जागा. थोरले म्हणाले, 'त्याला विचारा, चहा घेणार का.' मी म्हटलं, 'अहो, ते इथेच बसलेत.' तर म्हणे, 'विचारा तर खरं.' मी विचारलं. धाकटे म्हणाले, 'त्यांना सांगा, साखर कमी.' आत म्हातारी शेवटच्या घटका मोजतेय आणि मी साखर इकडून तिकडे पोहोचवतोय. हसा तुम्ही. तेव्हा मलाही हसू आलं होतं, आणि घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

या दोघी बहिणींचं भांडण कधीच नव्हतं. पण नवरे एकमेकांच्या घरी जात नाहीत म्हटल्यावर बायकांनी कुठल्या तोंडाने जायचं? नवरे कामावर असताना दोघी फोनवर बोलत, आणि संध्याकाळी चप्पल वाजली की ठेवून देत. माफ करा वहिनी, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. उद्या थोरले मिस्त्री आणि वहिनी गाव सोडून लेकीकडे राहायला जात आहेत, कायमचे. सामान बांधून झालंय. म्हणजे जे काही बोलायचं असेल त्याला आजची संध्याकाळ उरलीय.

साहेब, घड्याळाकडे बघू नका, मी मुद्द्यावरच येतोय.

गेल्या वर्षी धाकट्यांनी माझ्याकडे लांब दांड्याची साखळी मागायला सुरुवात केली. नेहमी आखूड नेणारा माणूस. त्या खड्ड्यात लांब दांडा फिरवायला जागा नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? मी मुकाट्याने दिली, मला काय करायचंय. पण थोरले तेव्हा खिडकीशी उभे होते. त्यांनी ती साखळी पाहिली आणि एवढंच म्हणाले, 'त्याचा खांदा गेला.' जोर कमी पडायला लागला की माणूस दांडा वाढवतो. धाकट्यांनी हे घरीसुद्धा लपवलं होतं. कळलं तर खड्ड्यातून काढून गाड्या धुवायला लावतील, ही भीती.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडतोय तोवर थोरले हजर. म्हणाले, 'साखळी द्या.' मी म्हटलं, 'तुम्ही? साखळी? आज सूर्य कुठून उगवला?' म्हणाले, 'द्या आणि गप्प बसा.' ज्या माणसाने उभ्या आयुष्यात साखळीला हात लावला नव्हता, तो ती घेऊन धाकट्यांच्या खड्ड्यात उतरला. त्या दिवशी जी गाडी धाकट्यांच्या वाट्याला होती, तिचा फिल्टर त्याने थोडासा सैल केला. निघेल इतका नाही, हलेल इतका. पट्ट्याने का नाही? कारण ओरखडा नसताना फिल्टर सैल म्हणजे पट्टा, आणि तिथे पट्ट्याचा माणूस एकच, हे सगळ्यांना माहीत. साखळीचे व्रण मात्र धाकट्यांचेच समजले जाणार. मग हे रोजचंच झालं. पाळी सुरू व्हायच्या आत साखळी पुसून खिडकीत परत. मला शपथ घातली होती. आज मोडतोय. पाप लागायचं ते लागो.

आज सकाळी थोरले माझ्याकडे आले. म्हणाले, 'काका, त्याला सांगा, खांद्याचं ऑपरेशन करून घे. उद्यापासून सकाळी येणारं कोणी नाही. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका.' मिस्त्री, मला क्षमा करा. इतकी वर्षं तुम्ही दिलेला एकही शब्द मी वाटेत सांडला नाही, पण हा मी पोहोचवणार नाही. हा माणूस तिसऱ्या रांगेत बसलाय. तुमच्या तोंडात जीभ आहे. माझी झिजली.

आणि साहेब, सगळ्यांसमोर विचारतो, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. खांदा बरा होईपर्यंत धाकट्यांना गाड्या धुवायला न पाठवता स्टोअरमध्ये माझ्याजवळ बसवाल का? मलाही सोबत हवीय. साहेबांनी मान हलवली. सर्वांनी पाहिलं ना? झालं तर.

धाकटे मिस्त्री उभे राहिलेत. बोला. काय? 'काका, त्यांना सांगा...' नाही! नाही सांगणार. मी माइकपासून बाजूला होतो. ते समोर बसलेत, त्यांच्याशी बोला. आम्ही थांबतो, जेवण थंड झालं तरी चालेल.

...

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून शेवटचं एकदा मी पोहोचवतो. धाकटे म्हणाले, 'दादा, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमचं होईपर्यंत मी फाटकाबाहेर थांबायचो.' थोरल्यांनी विचारलं, माझ्याकडे न बघता, थेट, 'मग बोलला का नाहीस रे?' त्यावर धाकटे म्हणाले, 'बोललो असतो तर तुम्ही यायचं बंद केलं असतं.'

व्यासपीठावरच्या वहिनी खाली उतरल्या आहेत. त्यांना कोणी अडवू नये, फोटोसाठीसुद्धा नाही. थोरले मिस्त्री, तुम्हीही उतरा. सत्कार काय, खालीही करता येतो.

साहेबांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, टायरवाल्या शेठजींनी पंखे दिले, सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाची घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली असेल, आणि ती मांडलीच आहे, तर थकलेल्या माणसाचा प्रमाद समजून पोटात घाला. आता मला बसू द्या. खुर्ची मात्र कडेची द्या, त्या दोघांच्या मधली नको.