एका संगणकातल्या दोन चुली

सांगा मंडळी — एका घरात दोघांचं पटत नाही, तर एकाला बाहेर काढायचं का? अहो, एवढ्यात माना डोलवू नका! आधी ऐका.

एक अंधशाळा. तिथे एकच संगणक, लिनक्सवर चालणारा. त्यात एक जुना प्रोग्राम — धडे ब्रेलमध्ये छापणारा. तो गौरांगीसाठी. पोरीला दिसत नाही, ऐकूही येत नाही. बोटांना कळेल तेवढंच तिचं जग! मग शाळेत आला तन्वीर. त्याची बोटं भाजलेली, ठिपके लागेनात. त्याला हवा धडा वाचून दाखवणारा नवा प्रोग्राम.

केतकीबाई तो बसवायला लागल्या. आता प्रत्येक प्रोग्रामला चालायला थोडा शिधा लागतो, त्याला म्हणतात पॅकेज. संगणक म्हणाला, "दोघांना लागणारं पॅकेज एकच. नव्याला त्याची नवी आवृत्ती हवी, ती जुन्याला चालत नाही. जुना प्रोग्राम काढू?"

बघा हं, विचारलं त्यानं! आपल्याकडे तेवढंही विचारत नाहीत!

हेडसर साठ्ये मागून म्हणाले, "अहो बाई, वाचत काय बसलात? हो म्हणा नि मोकळ्या व्हा!"

बाईंनी 'हो' केलं.

तन्वीर खूश — "बाई, हा तर माझ्या मामूसारखा बोलतो!" आणि गौरांगी? कोरा कागद चाचपत बसली. उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा.

बाईंनी जुना परत बसवला — तर नवा गेला!

"बाई, मामू कुठं गेला?"

सर म्हणाले, "गौरांगीला समजवा. ती मोठी आहे."

"समजवू कशी, सर? तेही ब्रेलच्या कागदावरच ना?"



मग बाईंनी काय केलं? नव्याची चूल वेगळी मांडली! त्याला स्वतंत्र फोल्डर, त्याचं नवं पॅकेज त्याच फोल्डरात. जुन्याचं जुनं जिथल्या तिथे. कुणी कुणाच्या डब्यात हात घालायचा नाही!

"पण जागा जास्त खाणार," सर कुरकुरले.

"गॅदरिंगचे व्हिडिओ काढते."

"त्यात माझं भाषण आहे!"

"तेच आधी काढते, सर."

इकडे तन्वीरचा धडा बोलू लागला — आणि तिकडे छपाईयंत्र थरथरलं. गौरांगीनं त्यावर तळहात ठेवला. मग गाल टेकला. कागद बाहेर येईपर्यंत हलली नाही हो पोर!

मंडळी, त्या दोघांचं भांडण नव्हतंच. एका ताटात बसवलं होतं आपण! तुम्हीही कुणाला तरी 'जुळवून घे, नाहीतर नीघ' म्हणाला असाल. आज घरी गेल्यावर त्याला एवढंच सांगाल का — तू आहेस तसा राहा, जागा मी करतो?