सप्टेंबरचं कॉलेज

नागोयातल्या हॉस्पिटलात माझ्या नंबराची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर बाप-लेक मराठीत बोलत होते.

"कश्मिरा, सप्टेंबरच्या या कॉलेजचा फॉर्म आपण नुसता हाताशी असावा म्हणून भरला होता."

"त्यांनी घेतलंय मला, बाबा. मी तिथेच जाते."

"आणि पुढच्या एप्रिलचं? दोन वर्षं तयारी केलीस. रोबोटिक्स तिथेच आहे."

"इथेही काहीतरी असेल."

"काहीतरी? असं कोणी कॉलेज निवडतं का?"

"प्रवेश समारंभाला आई नारायणपेठ नेसणार आहे. बाकीच्या आया किमोनोत येतील म्हणाली."

"मग एप्रिलमध्ये नेसेल."

"बाबा, मघाशी डॉक्टर आईबद्दल काय म्हणाले?"

"तूच सांगितलंस ना मराठीत. पुढच्या वर्षी औषध बदलून बघू."

"ते तसं म्हणाले नाहीत. तेवढं मी माझ्या मनाचं सांगितलं."

"मग?"

"मी त्यांना समारंभाचं विचारलं. सप्टेंबरचा जमेल म्हणाले. एप्रिलचं काही बोलले नाहीत."

मागे फॉर्मचे कागद उलगडल्याचा आवाज आला.

"सही कुठे करायची?"

"इथे. आणि आईला सांगा, मला हेच कॉलेज आवडलं."