बसूअण्णाचा शेवटचा अंक

चहा घ्या आधी, मग सांगतो. आमच्या बसूअण्णाचा पेपर कसा बंद पडला, हे तो स्वतःच हसत सांगतोय आता.

औरादला त्यानं रोजचा फुकट पेपर काढला होता. दुकानांच्या जाहिरातींवर वर्षभर जोरात चालला. ज्याच्या त्याच्या हातात तोच. अग्रलेख अण्णा स्वतः लिहायचा, जिवाचं रान करून. मग दुकानदार मोबाइलवर जाहिराती करायला लागले अन् पेपर बसला.

शेवटच्या अंकात त्यानं पानभर निरोप लिहिला. वर स्वतःचा मोठा फोटो टाकला, सत्कारातला, गळ्यात हार घातलेला.

सकाळी चिंताकीहून त्याचे मामा टमटम भरून माणसं घेऊन दारात हजर. बायका रडायल्यात, अन् आत बसूअण्णा इडली खायलाय.

तो म्हणाला, "मामा, मी मेलो न्हाई. खाली लिवलंय की सगळं, पेपर बंद होयलाय म्हणून."

मामांनी डोळे पुसले अन् इडलीची ताटली पुढं ओढली.

"लिवलेलं कोण वाचतंय रे? आम्ही फोटो तेवढे बघतो. पण रोज, न चुकता."