खोक्यावरचं भाषण

चहा सांगा, पण निवडणुकीचं नाव काढू नका, माझं डोकं फिरतं. गेल्या वेळी आमच्या हडपसरच्या कारखान्याच्या गेटवर एक पोरगा प्रचाराला आला. नोकरी आयटीत, सुट्टी काढून गळ्यात पक्षाचं उपरणं घातलेलं. आमचा अख्खा विभाग व्हिएतनामला हलणार होता आणि आम्ही घरी बसणार होतो, म्हणून आम्हाला धीर द्यायला पक्षाने याला पाठवलं होतं. सगळ्यांना दिसावं म्हणून तो गेटजवळच्या मोठ्या लाकडी खोक्यावर चढला.

"काका, घाबरू नका. जग बदलतंय, नवीन काहीतरी शिका. आमच्याकडे बघा, अमेरिकेची कामं इकडे येतात!"

मी म्हटलं, "अहो, मग तिकडच्या कामगारांना असा धीर द्यायला कोण जातं?"

ते त्याने ऐकलंच नाही. उलट आवाज चढवला. "साहेब निवडून आले की इथली एकही नोकरी बाहेर जाणार नाही. हा माझा शब्द!" आणि जोरात पाय आपटला.

माझं डोकंच सटकलं. "खाली उतर! त्या खोक्यात माझं मशीन आहे. दर खंडेनवमीला मी त्याची पूजा करतो, झेंडूचा हार घालतो, आणि तू त्यावर बूट आपटतोस?"

तो घाबरून उतरला. "हे कुठे चाललंय?"

"व्हिएतनामला. ट्रेलर येतोच आहे. शब्द दिलास ना? अडव."

त्याने घड्याळ पाहिलं. "काका, मला पुढच्या गेटवर बोलायचंय."

"बोल की. पण तिथे जमिनीवर उभा राहून बोल."