टाकळवाडीच्या पंचनाम्याबद्दल

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या सहकारी खरेदी-विक्री संघाचे चेअरमन माननीय उत्तरेश्वरराव, व्यासपीठावरच्या तहसीलदार मॅडम, ज्यांच्या शहाऐंशीव्या वाढदिवसासाठी आपण जमलो ते आपले माजी खासदार ज्ञानोबा आप्पा तरटे, संघाचे संचालक, सभासद बंधूंनो, आणि टँकरची पाळी शेजारणीवर सोपवून इथवर आलेल्या माय-माउल्यांनो,

मी धोंडीराम ओव्हाळ. निवृत्त नायब तहसीलदार, त्याआधी तलाठी. चेअरमनसाहेबांनी निरोप धाडला की आप्पांच्या संसदेतल्या भाषणांचं पुस्तक निघतंय, त्यावर पाच मिनिटं बोला आणि गोड बोला. पाच मिनिटांचं काही सांगता येत नाही. गोड बोलायचं वय तर माझं कधी नव्हतंच, हे माझ्या हाताखाली काम केलेली जी चार माणसं मागं बसलीत ती सांगतील. हसू नका बे, खरं तेच सांगतोय.

तर पुस्तक. दोनशे चाळीस पानं आहेत आणि मी सगळी वाचली, चष्मा दोनदा बदलून. आप्पांची शाळा निजामाच्या अमलातली, उर्दूतली. त्यामुळं दिल्लीत ते उठले की लोकांना वाटायचं हे गृहस्थ लखनौकडचे असावेत. मग मध्येच एखादं 'लई' निसटायचं आणि मराठवाडा कळायचा. निर्वासितांच्या प्रश्नावर बोलले, परदेशातून आणलेल्या तांबड्या मिलो ज्वारीवर बोलले. दुष्काळाचं धान्य कंत्राटदाराच्या हातून न वाटता गावच्या सोसायटीतून वाटा, हे तर त्यांनी तीन अधिवेशनं लावून धरलं. मंत्र्यांनी तिन्ही वेळा 'विचार करू' म्हटलं. अजूनही करत असतील बिचारे.

हे सगळं पुस्तकात छान आलंय. पण एकशे बारा पानावर खाली बारीक अक्षरात एक टीप आहे, ती वाचून दाखवतो. "हे विधान माननीय सदस्यांनी अपुऱ्या व चुकीच्या माहितीच्या आधारे केले होते, पुढे दिलगिरी व्यक्त करून ते मागे घेतले." ही टीप कुणी लिहिली मला माहीत नाही. ज्यानं लिहिली त्याचा दोष नाही, कागदावर तसंच आहे. पण ती तशीच छापलेली राहू देणं मला जमणार नाही, मंडळी. कारण ती माहिती आप्पांना दिली होती मी.

अध्यक्ष महोदय, घड्याळाकडं बघू नका. चव्वेचाळीस वर्षं गप्प बसलोय, आज पंधरा मिनिटं द्या.

बहात्तर साल. मी चोवीस वर्षांचा, नोकरीला दीड वर्ष झालेलं. आष्टीकडं, टाकळवाडीचा सजा माझ्याकडं होता. गावाच्या वर माळावर खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतं. सातशे माणूस. सकाळी सुरू झालेला घणांचा आवाज दिवस मावळेपर्यंत थांबत नसे. त्यात तुळजाबाई नावाची एक बाई होती, आश्रुबाची बायको. वय असेल तेवीस-चोवीस, म्हणजे माझ्याच वयाची. कामावर खायला गूळ-पिठाची सुकडी मिळायची. ही बाई आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून घरी न्यायची, दोन लेकरांना आणि सासूला. स्वतः काय खायची? तरोट्याचा उकडलेला पाला. आणि तरोटाही संपत आला होता. एक दिवस दुपारी हातातला हातोडा खाली ठेवला, डोकं टेकवलं, ते परत उचललंच नाही. शेजारच्या बाईला वाटलं, डोळा लागला.

चौथ्या दिवशी आप्पा काम बघायला आले. पांढरं धोतर मुरमानं तांबडं झालेलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तलाठी, लोकांसमोर नको, मला एकट्याला सांग. बाई कशानं गेली?" मी म्हणालो, "भुकेनं गेली, आप्पा. दुसरं काही नाही." त्यांनी धोतरावरचा मुरूम झटकला. मग म्हणाले, "हे दिल्लीत सांगायला लागंल."

आणि त्यांनी सांगितलं. लक्षवेधी सूचना होती. मंत्री म्हणाले, देशात भूकबळी एकही नाही, माननीय सदस्य भावनेच्या भरात बोलत आहेत, असेल तर नाव सांगा. आता इतकी वर्षं सरकारात काढल्यावर मी सांगतो, जाणत्यानं अशा वेळी नाव द्यायचं नसतं. आकडा दिला तर आकड्याला आकडा येतो. नाव दिलं की चौकशी येते. आप्पांनी नाव दिलं. तुळजाबाई आश्रुबा, मौजे टाकळवाडी.

त्यानंतर आठव्या दिवशी वरचे साहेब जीप घेऊन हजर! नाव सांगत नाही, ते आता नाहीत. मला म्हणाले, "ओव्हाळ, भूकबळी लिहिलास तर कामाची चौकशी लागते, आणि चौकशी होईस्तोवर काम बंद. सातशे माणसं आहेत. बघ बाबा, पंचनामा तुला लिहायचाय."

मी पारावर गेलो. सगळं गाव गोळा झालेलं. लिहायला बसलो, नाव-गाव घातलं आणि कारणाची जागा कोरी ठेवली. तेव्हा आश्रुबा उठला. सुतकात भादरलेल्या डोक्यावर अजून केस आले नव्हते. तो म्हणाला, "लिवा भाऊसाब, हगवण लागलती तिला. ती तर गेली. आता ही सातशे कावून मारायची?" त्याची आई भिवराबाई त्याच्याकडं बघत राहिली आणि तोंडाला पदर लावून उठून गेली. पंचांनी अंगठे दिले. पहिला अंगठा आश्रुबाचा. खाली सही माझी.

तो कागद दिल्लीला गेला. आप्पांना सभागृहात उभं राहावं लागलं. तेव्हा ते एक वाक्य बोलू शकत होते, "मला हे तुमच्याच तलाठ्यानं सांगितलं." माझी नोकरी त्याच दिवशी गेली असती. सरकारी खुर्चीवर बसलेला मी आमच्या वस्तीतला पहिलाच होतो, हे आप्पांना माहीत होतं. ते बोलले नाहीत. 'माझी माहिती चुकीची होती, मी दिलगीर आहे' म्हणाले आणि खाली बसले. पान एकशे चौदा.

पुढचं आपण जाणताच. सत्त्याहत्तरला भिंतीभिंतीवर लिहिलं होतं, 'खोटारडा खासदार'. पडले. नंतर ज्या संघाची पहिली वीट त्यांनी ठेवली त्या संघातही पडले. उत्तरेश्वरराव, राग मानू नका, आप्पांना पाडणारं ते पॅनल तुमच्या वडिलांचं होतं आणि मीही त्या पॅनललाच मत दिलं होतं. मी काय तोंडानं दुसऱ्याला नावं ठेवू!

अठ्ठ्याहत्तरला बीडच्या स्टँडवर आप्पा भेटले. हातात पिशवी, एकटेच, गाडीची वाट बघत. मी पायावर वाकलो आणि म्हणालो, "आप्पा, ते टाकळवाडीचं..." त्यांनी पुढं बोलूच दिलं नाही. म्हणाले, "काम चालू राहिलं ना बे?"

मी म्हणालो, "हो."

"मग झालं तर," म्हणाले आणि हसले. चहा पाजला मला. त्यांचं पडणं, ती भिंतीवरची अक्षरं, सगळं त्या एका 'हो'वर त्यांनी सोसलं. गेल्या महिन्यात घरी भेटायला गेलो, तर नातवाला सांगत होते, "या तलाठ्यामुळं सातशे माणूस जगलं."

आप्पा, तुम्हाला आता कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं सांगतो. काम चालू राहिलं नाही. पंचनाम्यानंतर अकराव्या दिवशी बंद पडलं. मंजुरी संपली म्हणाले. ती खडी कुठल्याच रस्त्यावर पडली नाही, अजून माळावर ढीग आहेत, बाभळी उगवल्यात त्यात. लोक जिकडं वाट फुटंल तिकडं गेले. आश्रुबा आईला आणि दोन्ही लेकरांना घेऊन गेला तो परत आलाच नाही. मी हे सगळं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि स्टँडवर तुमच्या तोंडावर 'हो' म्हणालो.

आप्पा, उठू नका. माईक देतो नंतर. बसा, मला पुरं करू द्या.

तहसीलदार मॅडम, हा माझा लेखी जबाब. काल दोन प्रती केल्यात, सही केली आहे. त्यात एवढंच आहे की तुळजाबाई आश्रुबा, राहणार टाकळवाडी, ही भुकेनं मेली, हे मी तेव्हाही जाणून होतो आणि पंचनाम्यात खोटं लिहिलं. यातून माझी पेन्शन जायची असेल तर जाऊ द्या. चेअरमनसाहेब, दुसरी प्रत तुमच्याकडं. पुस्तकाच्या प्रती अजून वाटायच्या आहेत. ती टीप खोडा आणि त्या जागी हे चिकटवा. आप्पा सभागृहात खरं बोलले होते.

संघानं बोलावलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मंडप घालणारांपासून पाणी भरणारांपर्यंत सगळ्यांचे आभार. वेळ जास्त घेतला, मानापमानात कुणाचं नाव मागंपुढं झालं असेल, तेवढं मोठ्या मनानं सोडून द्या. त्या पंचनाम्याची माफी मात्र मी तुमच्याकडं मागत नाही. ती द्यायला तुळजाबाई पाहिजे होती.

नमस्कार.